झांबेझीच्या दोन तीरांवर
2021 मध्ये काझुंगुलाचा पूल खुला झाला आणि झांबेझी ओलांडायला फेरीबोटीसाठी कित्येक दिवस ताटकळणाऱ्या ट्रकचालकांची सुटका झाली. पुलाच्या एका टोकाला झांबिया, दुसऱ्या टोकाला बोत्सवाना.

1964 साली झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे तांब्याच्या भरभक्कम खाणी होत्या. दोन वर्षांनी स्वतंत्र झालेल्या बोत्सवानात डांबरी रस्ता होता जेमतेम 12 किलोमीटर! पण 1967 मध्ये तिथल्या ओरापाला हिरे सापडले आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्या सरकारने हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांत घातला. हे श्रेय निर्विवाद त्यांचंच. तिकडे सत्तरच्या दशकात तांब्याचे भाव कोसळले, झांबिया कर्जात रुतला. आज बोत्सवानाचं दरडोई उत्पन्न झांबियाच्या कितीतरी पट आहे.

तरीही चित्र एकरंगी नाही. एचआयव्हीने बोत्सवानाची अख्खी पिढी पोखरली. 2002 पासून सरकारने मोफत औषधं दिली, म्हणून असंख्य जीव वाचले. विषमता मात्र दोन्हीकडे बोचरी आहे.

झांबियाने 2022 पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ केली. दुसरीकडे हिऱ्यांची मागणी घटल्याने बोत्सवानाची तिजोरी आटली आणि ऑगस्ट 2025 मध्ये औषधटंचाईमुळे तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.