निखार : तांबडा आणि पिवळा

आंबोली-महाबळेश्वरच्या रानात एकाच झाडावर तांबडे-काळे आणि पिवळे-राखाडी पक्षी दिसले, की ते दोन निराळ्या जातींचे वाटतात. रंगच इतके वेगळे, की असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्ही निखारच. नर तांबडा, मादी पिवळी. याला लैंगिक द्विरूपता (नर-मादीचे रूप वेगळे असणे) म्हणतात. मोर आणि लांडोर आठवा. मात्र पिवळा दिसला की मादीच, असेही नाही. कोवळे नरही पिवळेच असतात.

घरटे मुद्दाम पाहावे असे : बारीक काड्या कोळिष्टकांनी बांधलेल्या, बाहेरून शेवाक (दगडफूल) चिकटवलेले, खालून ते सहज ओळखूच येत नाही. सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी शेंड्याशेंड्यांवर थव्याने फिरतो आणि पानांपुढे पंख फडफडवून, दडलेले किडे उठवून टिपतो.