गुरुजींनी घेतलेला निरोप

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

पुंडलिकनगरातील असो वा पुण्यातील, मराठी घरातील पुस्तकांच्या फळीवर 'श्यामची आई' बहुधा असतेच. परंतु आपल्या बालवाचकांचा निरोप घेतलेल्या एका शिक्षकाने हे पुस्तक तुरुंगात लिहिले, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. न छापलेल्या या दैनिकाचे वाचक संपादकाच्या रोजच्या पाहण्यातले असत. कोण आजारी आहे, कोणाला घरची आठवण येते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. पाठोपाठ १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू झाले. गुरुजींच्या लेखनातील जिव्हाळ्याचे मूळ येथे आहे. समोर बसलेल्या मुलाशी बोलावे, तसे ते लिहीत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० मध्ये, त्यांनी नोकरी सोडली आणि सहा वर्षांचे हे नाते वरकरणी संपले. त्यानंतर कारावास सुरू झाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातील मित्र जमतात, श्याम आठवणी सांगतो, आणि अशा बेचाळीस रात्री सरतात. मागे राहिलेले वसतिगृहच जणू लेखकाने तुरुंगात पुन्हा वसविले. त्यामुळे अमळनेरच्या मोजक्या मुलांना लाभलेला आवाज महाराष्ट्रभर पोहोचला. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या कथेवर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

बालसाहित्यिकाला निरोप तसा नवा नसतो. त्याचा वाचक दरवर्षी मोठा होतो आणि त्याच्यापासून दूर जातो. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याचा वाचक त्याच्याबरोबर म्हातारा होतो. मुलांसाठी लिहिणाऱ्याला मात्र नव्या वाचकाशी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. गुरुजींनी ती अखेरपर्यंत करून घेतली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्यातून पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ते प्रसिद्ध करीत. पत्रे एकीच्या नावाने असत, वाचीत मात्र अनेक जण. 'सुंदर पत्रे' या नावाने ती पुढे पुस्तकरूपात आली.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. पत्रे थांबली. देशातील परिस्थितीने ते व्यथित होते, हे मोठ्यांना समजू शकत होते. पुढच्या पत्राची वाट पाहणाऱ्या मुलांना ते कसे सांगावे, हा प्रश्न घरोघरी पडला असेल. मुलांना इतके जवळ करणाऱ्या लेखकाचे जाणे म्हणूनच अधिक जड वाटते.

गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामालेच्या रूपाने मुलांना गोष्टी सांगण्याची परंपरा चालू ठेवली. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंकही निघतो. गोष्ट सांगणारा बदलला, तरी ऐकणाऱ्या मुलाला नावाने ओळखण्याची ती अमळनेरची रीत टिकवणे, हे आता मोठ्यांचे काम आहे.