फोटो छान आला, पण तो पुरावा आहे का?

समजा, तुम्ही वणी तालुक्यातल्या राजूरला राहता. कोळसा खाण आणि चुनाभट्ट्यांच्या या गावाजवळच्या एका पाणवठ्यावर सकाळी तुम्हाला खंड्याचे चाळीस फोटो मिळाले. पुढच्या रविवारी टिपेश्वर अभयारण्यात सफारी केली, तिथे तीस प्रजातींचे फोटो आले. लगेच डोक्यात प्रश्न येतो: खाणीमुळे राजूरचे पक्षी कमी झाले असतील का?

प्रश्न चांगला आहे. पण या फोटोंवरून त्याचं उत्तर देता येत नाही.

फोटो फार तर एवढंच सांगतो की अमुक पक्षी, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी होता. चाळीस फोटो म्हणजे चाळीस खंडे नव्हेत. एकच खंड्या निवांत बसला असेल. आणि ज्याचा फोटो नाही तो पक्षी तिथे नव्हता, असंही नाही. शिवाय राजूरला तुम्ही पायी तासभर होता, टिपेश्वरला गाडीतून, ठरलेल्या रस्त्यांवर, कितीतरी जास्त वेळ. म्हणजे तुलना पक्ष्यांची झालीच नाही, तुमच्या फिरण्याची झाली.

आता "होता" एवढं सांगायलासुद्धा फोटोसोबतची नोंद खरी लागते. आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. त्यानंतर १९१४ ची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. पक्षी खरा, पण चिठ्ठीवरचं ठिकाण आणि तारीख खोटी! ती नोंद बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नोंदींच्या भागात शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी.

मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून मांडलेला एक फोटो तर साध्या पिंगळ्याचा निघाला. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं असतं. म्हणून फक्त सुंदर फोटो ठेवू नका. ज्यात ओळखीची खूण दिसते तो ठेवा, धूसर असला तरी.

मग राजूरचा अभ्यास कसा करायचा?

पहिलं, दोन्हीकडे ठराविक जागा निवडा. प्रत्येक जागी तेवढीच मिनिटं, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच ऋतूत थांबा. एका जागेवर भागत नाही. दोन्हीकडे अनेक जागा हव्यात.

दुसरं, दिसलेल्या आणि ऐकलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी करा. फोटो नसलेलेही त्यात येतात. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य हीसुद्धा माहिती आहे. ई-बर्डवर पूर्ण यादी मागतात ती याचसाठी.

तिसरं, कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपासा, जागा लगेच टिपा आणि मूळ फाइल कधीच पुसू नका.

चौथं, फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका, आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. नैतिकता तर आहेच, पण तुम्ही बोलावलेला पक्षी मोजला तर आकडाही बिघडतो. अभयारण्यात अभ्यास करायचा असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. तिचा अर्ज आराखड्यासोबतच करा.

एवढं करूनही फरक दिसला, तर तो खाणीमुळेच का? पाणी, झाडं, माणसांची वर्दळ हेही दोन्हीकडे वेगळं आहे. म्हणून खाणीपासून दूर, पण बाकी सगळं राजूरसारखंच असलेलं एखादं गाव तुलनेला घ्या. टिपेश्वरपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी कॅमेऱ्यासोबत वहीही घ्या. शंभर वर्षांनी कोणीतरी तुमच्या नोंदीवर भरवसा ठेवून पक्षी शोधायला निघेल. त्याला चुकीच्या रानात पाठवू नका.