कोलंबोहून येणारा बुधवार

आवाजाचा प्रवास : लेखांक ११

२० फेब्रुवारी २०२४ रोजी रेडिओ निवेदक अमीन सयानी मुंबईत वारले. वय ९१. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर त्यांचं ‘बहनो और भाइयो’ वाजत राहिलं, आणि ते योग्यच होतं. पण मुंबईत बोलणारा हा माणूस आमच्या तेरखेड्यापर्यंत पोचला कसा, आणि पोचल्यावर तिथे इतका घरचा का झाला, हे मात्र सांगायचं राहून गेलं. आजचा लेखांक त्यासाठी. मागच्या वेळी निजामाच्या डेक्कन रेडिओचं औरंगाबाद केंद्र पाहिलं. आता १९५२ सालात येऊ.

तेरखेड्याचा उस्मानाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. दिल्लीत त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. रेडिओवरच्या सिनेगीतांना कात्री लागली, गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव घेणं थांबलं आणि निर्मात्यांनीही चिडून गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. बघता बघता हिंदी सिनेमाचं गाणं सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीसं झालं. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेलं काम मोठं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी काय ऐकावंसं वाटतं, हे त्यांनी विचारलं नाही. लोकांनी रेडिओची सुई फिरवली ती थेट रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवली.

कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजांसाठी ताकदवान शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसवला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारच्या हाती आला आणि रेडिओ सिलोनने त्यावर जाहिरातींच्या पैशावर चालणारे कार्यक्रम सुरू केले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज पुन्हा भारतात परत यायचा.

तेरखेडा ते कोलंबो हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी तेराशे किलोमीटरच्या वर भरतं. मीडियम वेव्हचा आवाज दिवसा जमिनीला धरून चालतो आणि काहीशे किलोमीटरांत दमतो. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात. जमिनीपासून शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत, त्यांना आयनांबर म्हणतात. तिथून त्या लहरी वळून खाली येतात, आणि येतात त्या पार दुसऱ्या मुलखात. सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा सगळ्यात खालचा थर विरतो, म्हणून रात्रीचा सिलोन जास्त खणखणीत. एकच आवाज वेगवेगळ्या वाटांनी खाली येतो. त्या वाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. म्हणून गाणं ऐन रंगात आलं की आवाज बुडायचा आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा वर यायचा.

तेरखेडा माझं आजोळ. आज सोलापूर–धुळे रस्त्यावरचं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. माझ्या लहानपणी मामांच्या ओसरीवर एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तांब्याच्या तारांची विणलेली जाळीची पट्टी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, ती एरिअल. दुसरी तार अंगणात पुरलेली, ती अर्थिंग. सयानींची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी लागायची. त्या दिवशी जेवणं लवकर उरकून मामा आम्हा पोरांपैकी एकाला तांब्याभर पाणी घेऊन अंगणात पिटाळायचे. जिथे तार पुरली होती तिथे पाणी ओतायचं, म्हणजे माती ओली राहते आणि खरखर कमी होते. मग ते ४१ मीटरवर सुई आणून नखभर इकडे, नखभर तिकडे करत बसायचे. आठ वाजले की ओसरी भरलेली असायची. मामी आणि शेजारच्या बायका आतल्या दाराशी बसत. ‘बहनो’ आधी आणि ‘भाइयो’ नंतर, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं.

सयानींचं घर मुंबईचं. आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवायच्या. गांधीजींच्या आग्रहाने तो अंक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. नव्याने वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी ते पाक्षिक होतं. मुलगा त्यात हातभार लावत वाढला. थोरले भाऊ हमीद सयानी रेडिओवरचे नावाजलेले इंग्रजी निवेदक. अमीनही आधी इंग्रजीच बोलत. हिंदी निवेदनाच्या चाचणीत आकाशवाणीने त्यांना नापास केलं होतं. उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे, असं कारण मिळाल्याचं ते स्वतः सांगत. मग रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांचे निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांच्या हाताखाली ते तयार झाले.

‘बिनाका’ ही दातांची पेस्ट विकणाऱ्या सिबा कंपनीला इंग्रजी हिट परेडसारखा हिंदी कार्यक्रम हवा होता. लिहायचं, सादर करायचं, आलेली पत्रं तपासायची, सगळं एकट्याने. मानधन आठवड्याला २५ रुपये. जाणते लोक त्याकडे फिरकले नाहीत. तरुण अमीनने ते काम घेतलं. ३ डिसेंबर १९५२ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला.

सयानींच्या आवाजाइतकंच कौतुक मला त्यांनी पुढे जे केलं त्याचं वाटतं. १९५४पासून गीतमालेत गाण्यांची क्रमवारी लागू लागली. आधार होता तो शहरांतल्या दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीचा. यात एक अडचण निघाली. गाणं फार गाजलं की दुकानातल्या रेकॉर्डी संपायच्या. संपल्या की विक्री थांबायची आणि सगळ्यात लाडकं गाणंच यादीत घसरायचं. शिवाय रेकॉर्ड घेणार कोण? ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे तो. आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर ग्रामोफोन बघायला मिळणंही मुश्किल. मग सयानींनी देशभरच्या रेडिओ श्रोता संघांकडून मतं मागवायला सुरुवात केली. विक्री आणि संघांचा कौल या दोन्हींवर गाण्याचं ‘पायदान’, म्हणजे क्रमांक, ठरू लागलं. ज्याच्याजवळ फक्त पोस्टकार्डाचे पैसे आहेत त्याचंही मत मुंबईत मोजलं गेलं. झुमरीतलैया हे गाव देशाला माहीत झालं ते फर्माइशी पाठवणाऱ्या अशाच श्रोत्यांमुळे. गावाचं नाव रेडिओवर आलं की त्या गावाला काय वाटत असेल, हे नकाशात आपलं गाव शोधणाऱ्यालाच कळेल.

आता भाषेचं. मराठवाड्यात सयानी चटकन रुजले याचं एक कारण निजामी राजवटीत आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत इथली कचेरी उर्दूत चालायची आणि वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूत होतं. माझे आजोबा सातबारा वाचायला बसले की उर्दू शब्द सहज तोंडात यायचे. गल्लीत दखनी कानावर पडायची. आकाशवाणीवर सिनेगीतं परत आणणारी विविध भारती यायला ऑक्टोबर १९५७ उजाडला. तोवर सरकारी बातम्यांची हिंदी संस्कृतकडे झुकली होती आणि ती आमच्या ओसरीवर अर्धी कळायची. सयानींची हिंदुस्थानी पूर्ण कळायची. जे घर तीन लिप्यांत एक भाषा छापत होतं, त्या घरातल्या मुलाने ती भाषा बोलून दाखवली आणि ती शाळा न पाहिलेल्या मामींनाही समजली. आवाजात हसू होतं, लगबग होती, पण ऐकणाऱ्याला कमी लेखणारं एक अक्षर नसायचं. लोकशिक्षण म्हणतात ते हेच, असं मी मानतो.

नंतरचं थोडक्यात. परभणीला १९६८मध्ये आणि सोलापूरला १९७६मध्ये आकाशवाणी केंद्र आलं, जवळचे आवाज मिळाले, ट्रान्झिस्टर खांद्यावर आला. तरी गीतमाला सुटली नाही. १९८९मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४पर्यंत चालली. २००९मध्ये सयानींना पद्मश्री मिळाली. जुन्या गीतमालेची आठवण म्हणून त्यांच्याच निवेदनासह ‘गीतमाला की छाँव में’ हा संच सारेगामाने काढला, तो नव्या पिढीने जरूर ऐकावा.

पण संचात सयानी ऐकू येतात, श्रोते ऐकू येत नाहीत. वाशी, कळंब, भूम या भागात कुणाच्या घरी श्रोता संघाच्या वह्या, शिक्के, रेडिओ लायसन्सची पुस्तकं किंवा कोलंबोहून आलेली उत्तरं माळ्यावर पडली असतील, तर ती रद्दीत घालू नका. या लेखमालेकडे कळवा, आम्ही येऊन पाहू आणि नोंद करू. पुढच्या आठवड्यात परभणी केंद्राबद्दल.