जुन्या कॉम्प्युटरसाठी रॅम घेताय? नागपूरला जाण्याआधी हे तपासा

लाखनीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर. सीताबर्डीतून आणलेली रॅम घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसलीच नाही, तर बसभाडं आणि अख्खा दिवस वाया जातो. त्यात २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले आहेत. त्यामुळे चुकीची खरेदी आता जास्तच महागात पडते.

आधी दोष कुणाचा ते बघा

कॉम्प्युटर रखडत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८०-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी मोकळी आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर रॅमऐवजी एसएसडी बसवणं फायद्याचं.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल किंवा नुसता बीप वाजत असेल, तर प्लग काढून रॅमचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसा आणि रॅम पुन्हा नीट बसवा. अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

कोणती रॅम चालेल?

हे तुमचा मदरबोर्ड ठरवतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावू नका, स्लॉट तुटेल. जुन्या रॅमवरचं स्टिकर वाचा: ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. ‘पीसी३एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची रॅम आहे; अशा काही लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालत नाही. लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपच्या रॅमपेक्षा आखूड असते.

किती घ्यायची?

विंडोज ११साठी किमान ४ जीबी लागते, पण ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म आणि व्हिडिओ क्लास यांसाठी ८ जीबी बरी. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीच्या वरची रॅम साधारणपणे वापरलीच जात नाही. जुन्या रॅमला वेगवान जोडीदार दिला, तरी दोन्ही कमी वेगानेच चालतात.

दुकानात जाताना

जुन्या रॅमच्या स्टिकरचा आणि मदरबोर्डवरच्या मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, रिकामे स्लॉट मोजा. बिल आणि वॉरंटी मागा. शक्य असेल तर जुनी रॅमच सोबत न्या; दुकानदाराला दाखवली की प्रश्नच मिटतो.