काळ्या रेघांची भाषा

सांगानेरच्या कारागिराने लाकडी ठशाने छापलेली चादर जयपूरहून परदेशी दुकानाकडे निघते, तेव्हा तिच्या कोपऱ्याला एक चिठ्ठी लटकत असते. ठशाची वेलबुट्टी माणसाच्या डोळ्यांसाठी. चिठ्ठीवरच्या काळ्या रेघा मात्र यंत्रासाठी! त्या वाचता आल्या नाहीत, तर चादर कितीही देखणी असो, गल्ल्यापाशी अडते.

यंत्र या रेघा वाचते तरी कसे?

बहुतेक हात-स्कॅनरमधून लाल उजेड पडतो. काळी रेघ तो गिळते, पांढरी जागा परत पाठवते. परतलेल्या उजेडाच्या चढउतारावरून यंत्र रेघांची जाडी ओळखते आणि तिचे आकडे करते. म्हणूनच गुलाबी शहराच्या हौसेपोटी पांढऱ्या चिठ्ठीवर लाल रेघा छापून भागत नाही. लाल उजेडात त्या दिसेनाशाच होतात!

या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली मिळाले. दुकानात मात्र तिचा संसार उशिरा थाटला गेला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथे च्युइंगमचे एक पाकीट स्कॅन करून विकले गेले.

आपल्याकडील वस्तूंवर रेघांखाली बहुधा १३ आकडे असतात. त्यातला शेवटचा म्हणजे राखणदार! नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घ्या. पहिल्या बारांपैकी विषम स्थानांच्या आकड्यांची बेरीज २८. सम स्थानांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढचा दशक गाठायला काहीच मिळवावे लागत नाही, म्हणून शेवटी शून्य. मधला एक आकडा जरी चुकीचा वाचला गेला, तरी हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते.

८९० ने सुरुवात झाली की वस्तू भारतातच बनली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ. वस्तू कोठे बनली, ते वेष्टणावर वेगळे वाचावे लागते.

किंमतही सहसा या रेघांत नसते. ती दुकानाच्या संगणकात असते. तिथे चुकीची भरली गेली, तर स्कॅनर चुकीचीच सांगणार. तेव्हा यंत्राचा आवाज ऐकून निर्धास्त होऊ नका. वेष्टणावरची कमाल किंमत आणि बिलातला आकडा ताडून पाहा. ते काम अजूनही गृहिणीच्या नजरेचेच आहे!