मानेची शीर काय सांगते?

गुरांचे डॉक्टर बैलाच्या मानेतून रक्त कसे काढतात, ते मैंदर्गीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ते मानेवर खालच्या अंगाला अंगठा दाबून धरतात. लगेच अंगठ्याच्या वरची शीर दोरासारखी फुगते. वरचीच का फुगते?

ओढ्याला बांध घातला, की पाणी कुठे तुंबते? ते ज्या बाजूने येते, तिकडेच तुंबते. मानेत तसेच होते. डोक्यातले रक्त या शिरेतून खाली हृदयाकडे येते. वाट अडली, की ते वर तुंबते.

माणसाच्या मानेतही अशा शिरा असतात. प्रत्येक बाजूला दोन मोठ्या. एक कातडीखाली असते. मोठ्याने ओरडताना, सनई फुंकताना ती फुगते. दुसरी अधिक मोठी, पण खोल. मान वळवली, की कानामागून छातीकडे एक तिरपा स्नायू उठून दिसतो. त्याच्याखाली ती असते. मेंदूचे बहुतेक रक्त हिच्यातूनच उतरते.

तिच्या शेजारी रोहिणी असते. मानेला बोट लावले, की ठोका लागतो, तो रोहिणीचा. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते. शीर ते परत आणते. रक्त असे अंगभर फिरते, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने १६२८ साली पुस्तक काढून दाखवून दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. आडवे निजल्यावर किंवा ओझे उचलताना शीर फुगली, तर तो रोग नव्हे. निरोगी माणूस ताठ बसला, की ती रिकामी होते आणि दिसत नाही. पण हृदय थकले, त्याच्या झडपा बिघडल्या, तर आलेले रक्त पुढे जात नाही. ते मागे तुंबते. मग स्वस्थ बसलेल्या माणसाचीही शीर फुगलेली दिसते. म्हणून डॉक्टर रोग्याला उशीला टेकवून अर्धवट निजवतात आणि मान निरखून पाहतात. ते उगाच पाहत नाहीत. तिथे त्यांना हृदयाची खबर मिळते.

बसल्यावरही मानेची शीर फुगलेली, पायावर सूज, चालताना धाप, रात्री आडवे पडले की दम कोंडतो, अशी लक्षणे दिसली तर घरी बसू नये. कोणी म्हणेल, वात आहे, लेप लावा. लेपाने हृदय सुधारत नाही. अक्कलकोटला किंवा सोलापूरला सरकारी दवाखान्यात जावे. दम फारच लागला, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

आणखी एक. विळा, कोयता लागून मान चिरली, तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी. पण गळा आवळू नये. माणसाला आडवे निजवावे, बसवू नये. उघड्या शिरेतून हवा आत गेली, तर जीव जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत हात काढू नये.

आम्ही एवढेच सांगतो : शीर पाहायला पैसा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जरा नीट पाहत जा.